भंडारीकाकांची शेगडी

कात्रज आता पुण्यात आहे. माझ्या लहानपणी ते पुण्याच्या बाहेर होतं. स्वारगेटहून पीएमटीची बस निघायची आणि धनकवडी मागं पडली की दोन्ही बाजूंना शेतं लागायची. पुढं तळं, तळ्यापुढं घाट आणि घाटात रात्रभर कण्हत चढणारे साताऱ्याकडचे ट्रक. हे तळं नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडाचुन्याचा नळ काढून पाणी नेलेलं होतं. मधेमधे त्याचे उच्छ्वास होते. पुण्याला पाणी पाजणाऱ्या गावात आमच्या आळीला मात्र नळ नव्हता. पाणी विहिरीचं आणि विस्तव चुलीचा.

चूल दोन तोंडांची होती. पुढं भाकरी, मागं वैलावर कालवण. लाकूडफाटा घाटातून यायचा, गोवऱ्या घरच्या. रेशनचं रॉकेल मिळालं तर स्टोव्ह, तोही पाहुणा आला तरच. उन्हाळ्यात हे सगळं ठीक चालायचं. पावसाळ्यात ओलं लाकूड धुमसायचं आणि माजघरापर्यंत धूर भरायचा. आई फुंकणी घेऊन बसायची आणि फुंकता फुंकता खोकायची. आधी तो खोकला पावसाळ्यापुरता होता. मी सहावीत गेलो तेव्हा तो दिवाळीनंतरही राहिला. रात्री उठून ती उंबऱ्यावर बसायची आणि श्वास मोजून घेतल्यासारखा घ्यायची. वडील तिला स्वारगेटजवळच्या एका डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी छाती तपासली आणि गोळ्या देताना सांगितलं, "गोळ्यांनी काही होणार नाही. धूर बंद करा."

सांगायला सोपं होतं. गॅसचा अर्ज वडिलांनी केलेला होता, पण त्या काळात गॅससाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. वडील दूध संघात कॅन उतरवायच्या कामाला होते. पगाराच्या दिवशी ते मंडईजवळून एक विजेची शेगडी घेऊन आले. तीन पायांची, वर चिनीमातीची गोल ताटली, ताटलीत नागमोडी खाच आणि खाचेत बसवलेली तारेची स्प्रिंग. बटण दाबलं की स्प्रिंग आधी काळी, मग तांबूस, मग लालभडक. आम्ही पोरं गोल करून बसलो. आजी लांबूनच म्हणाली, "आगीला वास न्हाई, धूर न्हाई. असली कसली आग?"

आई तिला भीत होती. कारणही तसंच होतं. स्प्रिंग उघडी असायची. पातेलं जरा वाकडं बसलं किंवा पळी आत गेली की हाताला झिणझिण्या. लाकडी पाटावर उभं राहून, स्लिपर घालून ती डाळ ढवळायची. दूध उतू गेलं की तार तुटायची. मग वडील दोन टोकं पिळून जोडायचे. जोडलं की तार तेवढी आखूड व्हायची, आखूड तार जास्त तापायची आणि आणखी लवकर तुटायची. पहिल्या महिन्यात तीनदा तुटली. चौथ्या वेळी आईनं शेगडी फडताळाखाली सारली आणि पुन्हा चुलीपुढं बसली. वडील काही बोलले नाहीत. रात्री खोकला सुरू झाला की ते नुसते कूस बदलायचे.

त्याच सुमारास आमच्या परड्यातल्या खोलीत भाडेकरू आले. नवराबायको आणि मुलाचे वडील. मुलगा सातारा रोडवरच्या एका कारखान्यात नोकरीला. वडील साठीच्या आतबाहेरचे, बुटके, रुंद मनगटांचे. मूळचे रत्नागिरीकडचे, जयगडच्या खाडीजवळच्या एका वाडीतले. तीसेक वर्षं बोटीवर काढलेली. बोट म्हणजे आगबोट, मालवाहू जहाज. तिथं ते भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. बोटीवर प्रत्येकाचं नाव कामावरून: सारंग, टंडेल, सुखाणी, तेलवाला, भंडारी. आम्हाला हे ठाऊक नव्हतं, आम्हाला ते आडनावच वाटलं. म्हणून ते आमचे भंडारीकाका झाले ते शेवटपर्यंत.

एका संध्याकाळी ते ओसरीवर बसले असताना आतून धूर आला आणि पाठोपाठ खोकला. त्यांनी विचारलं, "बाय, वीज आहे ना घरात? मग हा धूर कशाला?" आईनं फडताळाखालची शेगडी दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, ताटलीवर नख वाजवलं आणि म्हणाले, "ही बोटीवर कोण चढवू देणार नाय. उघडी तार आणि खाली लोखंडाची जमीन. भंडारी पहिल्याच दिवशी गेला असता."

मग बोटीवरच्या स्वयंपाकघराची गोष्ट निघाली. त्यांच्या पहिल्या बोटीवर कोळशाची चूल होती. ते भंडाऱ्याचे मदतनीस, राख काढणं आणि कांदे सोलणं एवढंच काम. पुढच्या बोटीवर तेलाची भट्टी. आणि नंतरच्या बोटींवर वीज. तिथल्या शेगडीला तार दिसत नसे. बिडाचा जाड तवा असायचा, तार त्याच्या पोटात. चार-सहा तवे एका रांगेत, आणि भोवती, मधून लोखंडी सळ्यांचं कुंपण, म्हणजे बोट कलली तरी पातेलं जागचं हलू नये. पातेली उंच काठांची, अर्ध्याच्या वर कधी भरायची नाहीत. बिस्केच्या उपसागरात बोट अशी डोले की डाळ या काठावरून त्या काठावर जायची, पण सांडायची नाही. तेलवाहू बोटीवर तर स्वयंपाकाला ज्वाळा नकोच, तिथं एक ठिणगी सगळ्यांना पुरते.

"मग तिकडं तुमाला शॉक न्हाई बसायचा?" आईनं विचारलं. तिला बिस्केशी काही घेणंदेणं नव्हतं.

पुढच्या रविवारी काका मला घेऊन जुन्या बाजारात गेले. लोखंडाच्या ढिगात दोन तास बसून त्यांनी एक बिडाची शेगडी काढली. कुठल्या तरी कँटीनमधली, एक हजार वॉटची, चार किलोला कमी नाही अशी जड. घरी आणून उघडली, आतली तार तपासली, नवी वायर लावली. मग म्हणाले, आता हिला जमीन द्यायची. परसात तुळशीशेजारी कमरेच्याही खाली जाईल एवढा खड्डा काढला, त्यात लोखंडी नळी उभी केली, भोवती कोळसा आणि खडेमीठ थरावर थर घातलं. नळीपासून तांब्याची तार घरात आणून प्लगच्या तिसऱ्या भोकाला जोडली. "वीज बिघडली तर तुझ्या हातातून नाय जाणार, ह्या वाटेनं जमिनीत जाईल. फक्त हा खड्डा ओला ठेव." आईनं ते इतकं मनावर घेतलं की रोज सकाळी तुळशीला एक तांब्या आणि अर्थिंगला एक तांब्या. आजी चिडायची, "द्येव वाढला आता घरात!"

भीती गेली, पण स्वयंपाक काही लगेच जमला नाही. चुलीवरची आमची पातेली बुडाशी गोल, वर काजळीचा थर. बिडाच्या तव्याला ती मधोमध रुपयाएवढीच टेकायची, बाकी धग हवेत. काकांनी चार पातेली घासून घेतली आणि तांबटाकडून बुडं ठोकून सपाट करून आणली. मग त्यांनी आईला शिकवायला सुरुवात केली. मोठा माणूस बाईमाणसाला स्वयंपाक शिकवतोय हे बघायला शेजारणी भिंतीवरून डोकवायच्या.

शिकवणं म्हणजे वेळेचा हिशेब. चुलीत लाकूड मागं ओढलं की जाळ कमी, हे आईच्या हातात होतं. बिडाचा तवा उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. म्हणून भाताला पाणी आटत आलं की बटण बंद, वर झाकण, उरलेलं काम तवाच करतो. डाळ सकाळी भिजत घालायची, भिजवलेली डाळ निम्म्या वेळात शिजते. तवा तापत असताना रिकामा ठेवायचा नाही, त्यावर पाण्याचं पातेलं हवंच. एका वेळी एकच वस्तू, आणि त्या वस्तूंचा क्रम आधी डोक्यात. "बोटीवर चाळीस माणसं जेवायची," काका म्हणायचे, "भांडी चढवण्याआधी मी मनात एकदा सगळा स्वयंपाक करून घ्यायचो."

खरी अडचण पुढं आली. संध्याकाळी सातच्या पुढं आमच्याकडं दिवे पिवळे पडायचे. सगळ्या आळीचे बल्ब लागले, मळ्यातल्या मोटारी सुरू झाल्या की विजेचा दाब उतरायचा. बल्ब नुसता मंद होतो, शेगडीचं मात्र निराळं असतं. दाब जेवढा उतरतो त्याच्या वर्गाच्या हिशेबानं धग उतरते. २३० व्होल्टचे १६० झाले की हजार वॉटची शेगडी पाचशे वॉटचीही राहत नाही. हे गणित मला पुढं कॉलेजात कळलं. काकांना ते वेगळ्या मार्गानं ठाऊक होतं. त्यांच्याकडं एक लिटरचं ॲल्युमिनियमचं भांडं आणि खिशातलं घड्याळ होतं. तवा तापला की भांडं चढवायचं आणि उकळी कधी येते ते बघायचं. आठ मिनिटांत आली तर वीज धड आहे. पंधराच्या पुढं गेली तर आज भाकरीचा नाद सोडा. एक लिटर पाणी उकळायला हजार वॉटनं पाच-सव्वापाच मिनिटं पुरायला हवीत, उरलेली तीन मिनिटं हवा खाते. त्यांनी हा हिशेब कागदावर कधी मांडला नव्हता.

त्यावर आईनंच तोडगा काढला. दुपारी चारला मोटारी बंद असताना डाळ-भात उरकायचा. भात फडक्यात बांधून, गोधडीत गुंडाळून पेटीत ठेवायचा. आठला उघडला तरी वाफ निघायची. ही गोधडीची युक्ती काकांची. बोटीवर ते घोंगडीत पातेलं बांधायचे. का बांधायचे ते त्यांनी एकदा सांगितलं. बोटीवर वीज जनरेटरची, ती मोजून मिळते. एखादा जनरेटर बंद पडला आणि भार जास्त झाला तर सगळी बोट अंधारात जाऊ नये म्हणून पाटीवरचे काही खटके आपोआप पडतात. सुकाणू चालू राहतं, इंजिनाचे पंप, कंदील, रेडिओ चालू राहतात. हवा थंड करणारी यंत्रं सुटतात आणि त्यांच्यासोबत स्वयंपाकघर. इंजिनवाल्या साहेबांच्या भाषेत त्याला 'नॉन-इसेन्शियल' म्हणतात, म्हणजे ज्याच्यावाचून अडत नाही ते.

आई हातातलं पीठ तसंच ठेवून म्हणाली, "मंजी जेवणावाचून अडत न्हाई?"

"बोट बुडण्यापेक्षा जेवायला उशीर बरा, बाय. ते खरंच आहे," काका म्हणाले. "पण खटका पडला म्हणून चाळीस माणसांची भूक पडत नाय. त्यांना मी काय सांगू? म्हणून अर्धं शिजलं की घोंगडीत. वीज येवो न येवो."

मला तेव्हा डेअरी आठवली. दूध तापवून थंड करायचं काम एक मिनिट थांबून चालत नाही, म्हणून तिथं जनरेटर होता. लाईट गेली की अंधारात तेवढा एक धडधडणारा आवाज गावभर ऐकू यायचा. दुधावाचून अडत होतं, आमच्या ओट्यावाचून नाही.

आता भाकरी. भात-डाळ विजेवर झाली तरी आमच्या घरी जेवण म्हणजे भाकरी. भाकरी तव्यावर भाजते, पण फुगते ती निखाऱ्याशी उभी केल्यावर. बिडाच्या शेगडीला निखारा कुठून आणणार? पहिल्या आठवड्यातल्या भाकरी चपट्या, कडेला कच्च्या. आजीनं चतकोर मोडून ताटाबाहेर ठेवला आणि काही बोलली नाही. ते न बोलणं आईला फार लागलं. ज्या हाताच्या भाकरीचं सासरमाहेरात नाव होतं, त्या हाताला पन्नास वर्षांची सासू चतकोर परत करते. त्या रात्री ती म्हणाली, "मला चूलच बरी. खोकत खोकत करीन, पण भाकर तरी नीट करीन."

वडील पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "तू ऱ्हायलीस तर भाकर. चपटी चालंल."

काकांनी यातही हात घातला, पण इथं त्यांचं फारसं चाललं नाही. ज्वारीला बोटीवर कोण विचारतो, तिथं गव्हाची पोळी. आईनं स्वतःच महिनाभर खटपट केली. पीठ अधिक गरम पाण्यात मळून पाहिलं, भाकरी पातळ थापली, तवा काढून भाकरी सरळ बिडावर टाकली आणि ओल्या फडक्याच्या बोळ्यानं कडा दाबत फिरवली. जिथं दाबते तिथली वाफ पळून दुसरीकडं जाते आणि तिथं पापुद्रा सुटतो. शेवटी एका दुपारी भाकरी फुगली. पूर्ण नाही, पाऊण फुगली. आईनं ती आजीच्या ताटात वाढली. आजीनं दोन्ही बाजू बघितल्या, पापुद्रा उचलून आत मिठाचा खडा घातला आणि खाल्ली. चतकोर बाहेर आला नाही. म्हणाली एवढंच, "वास न्हाई जाळाचा." पण दुसरी मागून घेतली.

मीटरचा धसका आजीला शेवटपर्यंत होता. मीटरमधली ॲल्युमिनियमची चकती शेगडी लावली की गरगर फिरायची. आजी म्हणायची, "पैसं फिरत्यात." दिवसाचे दोन तास म्हणजे दोन युनिट, महिन्याचे साठ. आधी सगळ्या घराचं बिल त्याच्या निम्म्याचंही नसायचं. वडिलांनी विडी सोडली ती त्या वर्षी. बिलासाठी सोडली की खोकल्यासाठी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात आई रात्री उंबऱ्यावर बसली नाही असं मी म्हणणार नाही. बसली, पण थोडे दिवस. त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून थोडे. चूल पाणी तापवण्यापुरती परसात गेली आणि माजघराच्या भिंती त्या दिवाळीला पहिल्यांदा चुना दिल्यावर पांढऱ्या राहिल्या. गॅस आमच्याकडं आला तो मी दहावीत असताना.

काका तोपर्यंत कोकणात परत गेले होते. सुनेची मुलं मोठी झाली, खोली लहान पडायला लागली आणि त्यांना समुद्राची गाज ऐकल्याशिवाय झोप लागेना. निघताना त्यांनी ते एक लिटरचं भांडं आईला दिलं. मी नोकरीला लागल्यावर एकदा त्यांना भेटायला गेलो. ते मला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर घेऊन गेले. धक्क्याला मच्छीमार बोटी दाटीनं उभ्या. प्रत्येकीच्या केबिनमागं गॅसचा सिलिंडर दोरखंडानं बांधलेला आणि एक नेपाळी पोरगा मोठ्या पातेल्यात भात ढवळत बसलेला. मी विचारलं, इथं विजेची शेगडी का नाही? काका हसले. म्हणाले, "तू शिकलेला ना, कर हिशेब."

मी केला. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे पुरती भरलेली असताना सव्वा युनिट वीज. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हाती अर्ध्याच्या वर थोडं. आठ माणसांचा डाळभात एका युनिटच्या आसपास मागतो. म्हणजे एका जेवणाला दोन बॅटऱ्या, आणि रात्री दिवे, वायरलेस, मासळी शोधायचं यंत्र हे सगळं त्याच बॅटऱ्यांवर. शिवाय बारा व्होल्टवर हजार वॉट ओढायचे तर ऐंशीच्या वर अँपिअर, त्याला बोटाएवढी जाड तार लागते. आता लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आहेत, युरोपातल्या शिडाच्या बोटींवर लोक इंडक्शनवर जेवण करतात. पण मिरकरवाड्याच्या त्या पोराकडं तेव्हा सिलिंडर आणि दोरखंडच होता. काका त्याच्याजवळ गेले, पातेल्यात डोकावले आणि म्हणाले, "पाणी आटलं. बंद कर आता, आपोआप होयल." पोरानं ऐकलं नाही. काका वळून दोनदा बघत राहिले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

आमचं घर गेलं, त्या जागी सात मजले उभे आहेत. त्यातला एक फ्लॅट आम्हाला मिळाला. तुळस गॅलरीत आहे. अर्थिंगचा खड्डा पार्किंगखाली कुठं तरी असेल. ओट्यावर गॅस आहे आणि शेजारी इंडक्शनची काचेची शेगडी. सपाट बुडाचं भांडं नसेल तर ती नीट चालत नाही. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "हे तर काका कवाच सांगून गेलं."

मागच्या वर्षी इन्व्हर्टर बसवायला एक तरुण वायरमन आला. कुठले पॉइंट इन्व्हर्टरवर घ्यायचे ते विचारत घरभर फिरला. हॉलचे दिवे, पंखे, टीव्ही, वायफाय. मी म्हटलं, "स्वयंपाकघर?" तो म्हणाला, "तिथला एक दिवा देतो. बाकी हेवी लोड, काका. ते सोडून द्यायचं असतं. त्याच्यावाचून काय अडत नाही." त्याचं बरोबरच होतं. तेवढ्या बॅटरीवर दीड हजार वॉटचं इंडक्शन घातलं तर इन्व्हर्टर तिथंच मान टाकेल.

आई खुर्चीत बसून ऐकत होती. तिची ऐंशी जवळ आली आहे, खोकला आहे पण माफक. त्याच आठवड्यात संध्याकाळी लाईट गेली. मी मेणबत्ती शोधत स्वयंपाकघरात गेलो तर तिनं इंडक्शनवरचं पातेलं आधीच उतरवलं होतं. भात अर्धा शिजलेला. ती अंधारात, सवयीनं, झाकणावर फडकं बांधत होती.

"गॅस लावू का?" मी विचारलं.

"कशाला? ती गोधडी आण आतली," ती म्हणाली. "अर्ध्या तासानं जेवू."